१८-१८ वर हात आखडतो: खेळाच्या मानसशास्त्रावर काय वाचावं आणि केव्हा वाचू नये

डिचोलीच्या एका शिक्षक पालकांनी विचारलंय: मुलगी पंधरा वर्षांची, बॅडमिंटन खेळते. सरावात वयाने मोठ्या मुलींना नमवते, पण म्हापशाला पेडेच्या हॉलमध्ये स्पर्धा असली आणि गेम संपत आला असताना स्कोअर १८-१८ झाला की हात आखडतो, साधी सर्व्हिस नेटमध्ये जाते. ‘मला वाचनाची आवड आहे, तिलाही थोडीफार आहे. खेळाच्या मानसशास्त्रावर आम्ही दोघांनी काय वाचावं? मराठीत असेल तर उत्तम. तिचे कोच म्हणतात हे सगळं थोतांड आहे, मॅचेस खेळत राहा, आपोआप सुधारेल.’

कोचसरांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. मॅचेस खेळल्याशिवाय मॅचचं दडपण पेलता येत नाही, त्याला पुस्तकाचा पर्याय नाही. ‘आपोआप’ मात्र मला मान्य नाही. प्रत्येक स्पर्धेत १८-१८ वर कच खाणारी मुलगी त्याच गोष्टीचा सराव करत असते, आणि ती सवय इतर सवयींसारखीच मुरते. राहिला थोतांडाचा मुद्दा. सायकलस्वार एकट्यापेक्षा दुसऱ्याच्या सोबतीने जास्त वेगाने का जातात, याचा अभ्यास नॉर्मन ट्रिपलेटने १८९८ साली प्रसिद्ध केला होता. कोलमन ग्रिफिथने अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या मनाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा १९२५ साली उघडली. शास्त्र नवं नाही. त्याच्या नावावर चाललेला बाजार नवा आहे, आणि कोचसरांचा राग बहुधा त्या बाजारावर असावा. तो राग मलाही येतो.

आता वाचनाबद्दल. पुस्तकं आधी तुम्ही वाचा, ती नंतर. आणि स्पर्धा पंधरा दिवसांवर आली असेल तर यातलं एकही पुस्तक तिच्या हातात देऊ नका.

हे उलटं वाटेल, म्हणून कारण सांगते. रिच मास्टर्स या संशोधकाने १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोल्फ कधीही न खेळलेल्या लोकांना त्याने चेंडू हळूच ढकलून खळग्यात घालायला शिकवलं. एका गटाला तंत्राच्या लेखी सूचना दिल्या. दुसऱ्या गटाला काहीच सांगितलं नाही, उलट खेळताना त्यांना तोंडाने इंग्रजी अक्षरं वाटेल त्या क्रमाने बोलत राहायला लावलं, म्हणजे तंत्राचा विचार करायला डोकं मोकळंच राहू नये. मग दोघांवर दडपण आणलं: पैसे पणाला लावले, तज्ज्ञ परीक्षक समोर उभा केला. सूचना पाठ असलेल्या गटाची सुधारणा तिथे अडली, अक्षरं बडबडणाऱ्यांची चालू राहिली. घाबरलेला माणूस जे हाताला आपसूक जमतं त्यावर डोक्याने ताबा मिळवायला जातो, आणि डोक्यात नियम जितके जास्त तितकी ढवळाढवळ जास्त. तुमच्या मुलीची सर्व्हिस १८-१८ वर नेटमध्ये जाते ती नेमकी अशीच. हजारो वेळा केलेली गोष्ट ती त्या क्षणी ‘नीट’ करायला जाते. अशा वेळी आदल्या रात्री वाचलेले आत्मविश्वासाचे सात नियम तिच्या डोक्यात असतील, तर ती सात नियमांसकट घाबरेल.

म्हणून मी पालकांना सांगते की हे वाचन पावसाळ्यात करा. गोव्यात जून ते ऑगस्ट मैदानं चिखलात असतात, फुटबॉलवाले तर घरीच असतात. इनडोअर खेळांचा सराव चालतो, पण महत्त्वाच्या स्पर्धा दूर असताना एखादी नवी गोष्ट हॉलमध्ये करून बघायला, फसायला आणि पुन्हा करायला वेळ मिळतो. यंदा तिची दहावी असेल तर चतुर्थीच्या सुट्टीपर्यंत एक पुस्तक झालं तरी भरपूर.

ते एक पुस्तक कोणतं, असं विचाराल तर मी टिमथी गॅलवे यांचं ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ सांगेन. १९७४ सालचं आहे, बारीकसं आहे, इंग्रजी सोपं आहे. गॅलवे स्वतः टेनिसचे कोच. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक खेळाडूत दोघेजण असतात: एक सतत सूचना देणारा, चुका काढणारा, आणि दुसरा प्रत्यक्ष खेळणारा. पहिला गप्प बसला की दुसरा चांगलं खेळतो. मेंदूशास्त्र म्हणून हे ढोबळ आहे. कोर्टवर मात्र कमालीचं उपयोगी पडतं, कारण ‘विचार करू नकोस’ असं सांगून ते थांबत नाहीत, पहिल्याला गुंतवून ठेवायला एक काम देतात. चेंडू टप्पा खाईल तेव्हा ‘बाउन्स’ म्हण, रॅकेटला लागेल तेव्हा ‘हिट’ म्हण. बस.

बॅडमिंटनमध्ये टप्पा नाही. मी मुलांना दोन शब्द देते: समोरच्याच्या रॅकेटला शटल लागलं की ‘तो’, आपल्या रॅकेटला लागलं की ‘मी’. समोर मुलगी असली तरी ‘तो’च. आधी मोठ्याने, हॉलमधल्या इतरांना हसू आलं तरी. थोड्या दिवसांनी पुटपुटत, मग मनात. पाहण्यासारखी गोष्ट अशी की घाबरलेल्या मुलाचा ‘मी’ आधी येतो, शटल रॅकेटपर्यंत पोचण्यापूर्वीच. तो घाईत आहे हे त्याला स्वतःला ऐकू येतं, तुम्ही सांगावं लागत नाही. तुम्ही गॅलरीत बसून ‘शांत हो, शांत हो’ म्हणता त्यापेक्षा हे दहापट बरं. (गॅलरीतून बोलणं मुळात बंदच करा. त्यावर पुढे येते.)

गॅलवे पटला तर त्याच्या जोडीला सायन बेलॉक यांचं ‘चोक’, २०१० सालचं. दडपणाखाली खेळ, परीक्षा, भाषण हे सगळं का कोलमडतं यावर संशोधकाच्या हातचं सरळ लेखन. मुरलेल्या गोल्फ खेळाडूंना स्वतःच्या फटक्याकडे लक्ष द्यायला लावलं की ते बिघडतात, आणि नवख्यांना तेच लक्ष मदत करतं, हा त्यातला माझ्या मते सर्वांत कामाचा भाग. तुमची मुलगी नवा फटका शिकताना तंत्राचा विचार करेलच, तिथे तो हवाच. जुना, मुरलेला फटका सामन्यात मारताना तो नको. तुम्ही शिक्षक आहात, म्हणून हेही सांगते की यातला परीक्षेवरचा भाग तुमच्या वर्गातही चालेल.

मराठीत वाचायचं तर भीष्मराज बाम. नाशिकचे, आयपीएस अधिकारी होते, पुढे आयुष्याचा मोठा काळ खेळाडूंच्या मनावर काम करण्यात घालवला. अंजली भागवतसारख्या नेमबाजांना त्यांचं मार्गदर्शन मिळालं. २०१७ मध्ये ते गेले. ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे त्यांचं मराठी पुस्तक, आणि इंग्रजीत ‘विनिंग हॅबिट्स’. बामसरांची भाषा योगाभ्यासाची आहे: श्वास, एकाग्रता, मनापुढे चित्र उभं करणं. परदेशी पुस्तकांमधले शब्द ज्या मुलांना परके वाटतात, त्यांना ही भाषा लगेच आपली वाटते. घरात आजी-आजोबा असतील तर तेही सोबत वाचतात, असा माझा अनुभव आहे. एक खबरदारी मात्र घ्या: वाचून पटतं, मान डोलते आणि पुस्तक कपाटात जातं. श्वासाचा कोणताही अभ्यास निवडलात तरी तो आधी घरी, मग सरावात दमलेली असताना, आणि सगळ्यात शेवटी सामन्यात, याच क्रमाने यायला हवा. सामन्यात पहिल्यांदाच दीर्घ श्वास घेणाऱ्या मुलीला फक्त चक्कर येते.

तिच्यासाठी, म्हणजे पंधरा वर्षांच्या खेळाडूसाठी, मी मानसशास्त्राचं पुस्तक पहिल्यांदा देत नाही, खेळाडूचं देते. अभिनव बिंद्राचं ‘अ शॉट अ‍ॅट हिस्टरी’, रोहित ब्रिजनाथ यांच्यासोबत लिहिलेलं, २०११ सालचं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत सातवा आला. २००८ मध्ये बीजिंगला १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण, भारताचं वैयक्तिक प्रकारातलं ऑलिंपिकमधलं पहिलं. शेवटच्या गोळीपूर्वी फिनलंडचा हेन्री हाक्किनेन त्याच्या बरोबरीत होता. बिंद्राने १०.८ मारला, हाक्किनेनने ९.७, आणि तो थेट कांस्यावर घसरला. तुमच्या मुलीचं १८-१८ ते हेच. पुस्तक वाचताना तिच्या लक्षात येईल की त्या गोळीच्या वेळी बिंद्रा निर्भय नव्हता. भीती असताना करायचं काय, याची तयारी त्याने चार वर्षं केली होती, अगदी उंच खांबावर चढून थरथरत्या पायांनी वर उभं राहण्यापर्यंत. तो या पुस्तकात स्वतःला फारसा गोंडस दाखवत नाही, चिडका आणि हट्टी दाखवतो, म्हणून मुलांना ते खरं वाटतं. आपल्याकडच्या बऱ्याच खेळाडूंच्या पुस्तकांत फक्त सत्कार असतात.

आता तुमच्यासाठी, बाप म्हणून. आंद्रे आगासीचं ‘ओपन’, २००९ सालचं. सगळं नाही वाचलंत तरी चालेल, बालपणाचा भाग वाचाच. वडिलांनी चेंडूफेकीचं यंत्र स्वतः खटपट करून जास्त भयंकर केलेलं, मुलगा त्याला ड्रॅगन म्हणतो. रोज २,५०० चेंडू मारायचे, म्हणजे वर्षाला जवळजवळ दहा लाख, आणि इतके चेंडू मारणाऱ्याला कोणी हरवू शकणार नाही, हा वडिलांचा हिशेब. मुलगा जगज्जेता होतो आणि टेनिसचा द्वेष करत राहतो. तुम्ही असे बाप आहात असं मला मुळीच म्हणायचं नाही, असता तर हा प्रश्न विचारला नसता. पण मडगावहून किंवा म्हापशाहून हरून परतताना गाडीत काय बोलणं होतं, ते एकदा आठवून बघा. ‘अठरावर तू ड्रॉप का मारलास?’ हा प्रश्न तुम्ही प्रेमानेच विचारता. तिच्या डोक्यात मात्र पुढच्या वेळी अठरा होताच गाडीतले बाबा बोलू लागतात. माझा साधा आग्रह असतो की घरी पोचेपर्यंत खेळाचा विषय तिने काढला तरच काढायचा. भूक लागली असेल तर वाटेत थांबा, खा. विश्लेषण दुसऱ्या दिवशी, तेही कोचसोबत.

दोन पुस्तकांबद्दल सावध करते, कारण ती तुम्हाला कोणीतरी सांगणारच. कॅरल ड्वेक यांचं ‘माइंडसेट’, २००६. क्षमता वाढवता येते असं मानणारी मुलं अपयशातून लवकर सावरतात, हा विचार छान आहे आणि मुलांच्या मेहनतीचं कौतुक करा हा सल्ला वाईट नाही. पण नंतर झालेल्या मोठ्या अभ्यासांत याचा परिणाम पुस्तक वाचून वाटतो त्यापेक्षा बराच लहान निघाला. ‘माइंडसेट बदल’ असं मुलीला सुनावणं म्हणजे ‘घाबरू नकोस’ असं सुनावण्याचाच दुसरा प्रकार. दुसरी ती दहा हजार तासांची गोष्ट, म्हणजे इतके तास सराव केला की कोणीही निष्णात होतो ही. मूळ अभ्यास अँडर्स एरिकसन आणि सहकाऱ्यांचा, १९९३ सालचा, बर्लिनमधल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचा. माल्कम ग्लॅडवेलच्या २००८ च्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकातून तो आकडा जगभर पोचला आणि त्याचा नियम झाला. एरिकसन यांना ते अजिबात पसंत नव्हतं. त्यांचं स्वतःचं ‘पीक’, २०१६ सालचं, वाचा म्हणजे कळेल की त्यांचा भर तासांवर नव्हता. नेमकी त्रुटी शोधून, तिच्यावर लगेच परतीची माहिती (फीडबॅक) मिळवत केलेल्या सरावावर होता. पर्वरीपासून काणकोणपर्यंत मला असे पालक भेटतात जे तासांची वही ठेवतात. त्या वहीत ‘आज काय सुधारलं’ हा रकाना नसतो.

कोचसरांना वाचायला काही द्यायचंच असेल, तर पॅडी अपटन यांचं ‘द बेअरफूट कोच’, २०१९. २०११ चा क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते मानसिक तयारीचे प्रशिक्षक होते आणि २०२४ मध्ये डी. गुकेश जगज्जेता झाला तेव्हा त्याच्याही सोबत होते. हे नाव काढलं की आपल्याकडचे बुद्धिबळवाले पालक कान टवकारतात, विशेषतः २०२५ चा बुद्धिबळ विश्वचषक गोव्यातच झाल्यापासून. खेळाडूला प्रश्न विचारणारा कोच आणि आदेश देणारा कोच यांत काय फरक पडतो, हे अपटन अनुभवातून सांगतात. कोचसर शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले असतील तर वाइनबर्ग आणि गूल्ड यांचं खेळाच्या मानसशास्त्रावरचं जाडजूड पाठ्यपुस्तक त्यांनी पाहिलेलं असेल. ते संदर्भाला ठेवायचं, सलग वाचायचं नाही. त्यात चिंता आणि कामगिरी यांचा उलट्या यू अक्षराचा आलेख सापडेल: ताण थोडा असला तर खेळ उंचावतो, फार झाला तर ढासळतो. त्याचं मूळ १९०८ सालच्या यर्क्स आणि डॉडसन यांच्या उंदरांवरच्या प्रयोगात आहे, हे बऱ्याच व्याख्यात्यांना ठाऊक नसतं. माणसाचा आलेख इतका गुळगुळीत नसतो. एक मुलगी चिडली की उत्तम खेळते, तिची डबल्सची जोडीदार चिडली की संपते. इंग्लंडचे माजी कर्णधार मायकेल ब्रिअर्लींचं ‘द आर्ट ऑफ कॅप्टन्सी’ मला स्वतःला फार आवडतं, पण ते क्रिकेट आवडणाऱ्यांसाठी, आणि निवांतपणे.

‘फ्लो’वरची, म्हणजे खेळात पूर्ण तंद्री लागण्यावरची पुस्तकं सध्या बाजूला ठेवा. चिक्सेंटमिहाय यांचा मूळ विचार मोलाचा आहे. पण तंद्री लागावी म्हणून खेळायला गेलेल्या मुलीची तंद्री लागत नाही.

कोचसर म्हणतात तसं ‘मॅचेस खेळत राहा’ हेही करायचंय, फक्त थोडी रचना हवी. नेदरलँड्समधल्या काही अभ्यासांत असं दिसलंय की सरावातच हलकंसं दडपण आणलं तर खऱ्या दडपणाखाली खेळ कमी घसरतो. हलकंसं म्हणजे काय, तर आठवड्यातून दोनदा सरावातला गेम शून्यापासून सुरू न करता १८-१८ पासून सुरू करायचा. हरणारीने हॉलमधली सगळी शटलं गोळा करायची, किंवा जिंकणारीला भजी-पाव. इतर मुलं खेळ थांबवून बघायला उभी राहिली तर आणखी चांगलं. प्रत्येक सर्व्हिसपूर्वी एकच ठरलेला क्रम: शटलचं वाकडं पीस बोटाने सरळ करायचं, सावकाश एकदा श्वास सोडायचा, जिथे शटल टाकायचं ती जागा एकदा बघायची, सर्व्हिस. दोन-शून्यवरही हाच क्रम आणि अठरावरही हाच. बहुतेक मुली सुरुवातीच्या गुणांना हा क्रम गाळतात, ‘आत्ता काय गरज’ म्हणून, आणि मग अठरावर तो आठवून करायला जातात. तो तिथे परका वाटतो आणि आणखी घाबरवतो. यावर लक्ष ठेवायचं काम तुमचं: किती वेळा पीस सरळ केलं ते गॅलरीत बसून मोजा. बोलायला उसंतही मिळणार नाही.

शेवटचं, आणि हे पुस्तकांच्या पलीकडचं. स्पर्धेच्या आदल्या रात्री झोप न लागणं ठीक आहे. पण स्पर्धा नसतानाही आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण तुटलंय, आवडीच्या गोष्टींत मन नाही, सरावाला जाण्यापूर्वी उलट्या होतात, जगणं नको असं बोलणं येतं, असं काही असेल तर वाचन थांबवा आणि माणसाकडे जा. इंग्लंडचा सलामीचा फलंदाज मार्कस ट्रेस्कॉथिक २००६ मध्ये भारताचा दौरा अर्धवट सोडून घरी परतला. त्यामागचा आजार त्याने ‘कमिंग बॅक टू मी’ या पुस्तकात लिहिलाय, तो वाचला की कळतं की हा धीर कमी असण्याचा प्रश्न नव्हता. आपल्याकडे बांबोळीची मनोविकार संस्था आहे, आणि १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य सेवा) क्रमांकावर फोन करून बोलता येतं. तुमच्या वर्णनावरून तुमच्या मुलीला याची गरज दिसत नाही, पण तुम्ही शिक्षक आहात, वर्गात दुसरं कोणीतरी असेल.

पुस्तकं विकत घेण्यापूर्वी पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही विभागांत. बिंद्रा तिला, गॅलवे तुम्हाला, एवढ्यावर सुरुवात करा. बामसर मिळाले तर घरात सगळ्यांना. उरलेली नावं लिहून ठेवा. गॅलवेवरून घेतलेला ‘तो-मी’चा खेळ महिनाभर हॉलमध्ये करून झाल्याशिवाय दुसरं पुस्तक घरात आणू नका. त्यानंतर १८-१८ वर काय होतंय ते मला कळवा, म्हणजे पुढचं काय ते त्यावरून ठरवू.